अक्काची नजर

दूधवाला दूध ओतायच्या आधी मापाला पोचा आहे का, ते हात फिरवून बघणारी बाई मी. दीपनगरच्या वीज प्लांटच्या कॉलनीत भाजीवाला माझ्या दारात आला की न सांगता दोन्ही पारडी उलटी करून दाखवायचा आणि मगच तराजू उचलायचा. नवरा म्हणायचा, तुला प्लांटच्या गेटवर उभं केलं तर एक खिळासुद्धा बाहेर जायचा नाही. त्याला ती थट्टा वाटायची, मला त्यात काही थट्टेसारखं दिसत नसे. लोक फसवतात, आणि फसवताना गोड बोलतात, हे मला फार लहानपणी शिकवलं गेलं होतं.

शिकवणारे आबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आई गेली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. वडिलांनी मला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, धरणगावजवळच्या खेड्यात आणून सोडलं. आत्याला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. दोघांना मूलबाळ नव्हतं. आबा चांगले माणूस, पण जगावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. विहिरीवर गेले तरी दाराला कुलूप, आणि कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं, चार पावलं जाऊन परत यायचं आणि पुन्हा ओढायचं.

आबांचे दात पडले तेव्हा मी त्यांना जळगावला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. डॉक्टरने गुलाबी पावडर पाण्यात कालवली, भोकं असलेल्या स्टीलच्या पळीत भरली आणि आबांच्या तोंडात दाबून धरली. पूर्वी गरम पाण्यात मऊ केलेली लाखेसारखी वडी वापरायचे, तिने टाळू भाजायची, आता हे नवीन निघालंय, समुद्रातल्या शेवाळापासून करतात, असं तो कौतुकाने सांगत होता. आबांच्या तोंडात ते शेवाळ घट्ट होत होतं आणि डोळ्यांत संशय. पळी निघाली तेव्हा त्या गुलाबी लगद्यात त्यांच्या हिरड्यांचा हुबेहूब ठसा उमटला होता. त्यात डॉक्टरने पांढरं प्लास्टर ओतलं, आणि आबांचा जबडा टेबलावर आला.

कवळी मिळाली त्या दिवशी आबा खुर्चीतून उठेनात. म्हणाले, कवळी घेतली, आता माझा साचा द्या. डॉक्टर म्हणाला, तो आमच्याकडे असतो. आबा म्हणाले, तोंड माझं, मग साचा तुमच्याकडे कशाला? न्हाव्याकडचे केससुद्धा ते पायाने पसरून मातीत मिसळल्याशिवाय उठत नसत, तिथे अख्खा जबडा परक्या गावात कसा ठेवणार? डॉक्टरने शेवटी हात जोडून तो दिला. आबांनी तो उपरण्यात बांधून घरी आणला आणि कोनाड्यात ठेवला. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पांढरा जबडा पहिल्यांदा दिसायचा, मग आबा.

अक्काचं मात्र आबांपेक्षा अगदी वेगळं होतं. तिला कुणाचाच संशय येत नसे. तिला धड दिसतच नव्हतं, म्हणून असेल, असं मी तेव्हा म्हणायचे. तरुणपणीच तिचे डोळे अधू झाले होते. गावाने ते चुलीच्या धुरावर ढकललं आणि ती कधी कुठल्या डॉक्टरकडे गेली नाही. घर तिला पाठ होतं. माणसं ती आवाजावरून ओळखायची, भाकरी वासावरून उलटायची.

आणि गावातल्या लेकरांची नजर काढायची ती अक्काच. बाळ दूध पिईना, रात्रभर रडलं, अंगाने उतरलं, की बायका तिन्हीसांजेला आमच्या ओट्यावर यायच्या. अक्का पाय पसरून बसायची आणि बाळाला आधी मांडीवर घ्यायची. त्याच्या कपाळावरून, गालांवरून, कानांवरून बोटं फिरवायची. ते तिचं बघणं. मग मुठीत मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन पुटपुटत त्याच्यावरून उतरवायची आणि मूठ चुलीत टाकायची. मिरच्यांचा ठसका आला नाही की म्हणायची, केवढी लागली होती बघ. बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायची. बाळ खरंच शांत व्हायचं की नाही, याबद्दल मला शंका आहे, पण आया शांत व्हायच्या. एरवी मूल नसलेल्या बाईला आमच्याकडे बारशात पुढे बोलवत नाहीत, पाळण्याच्या दोरीला हात लावू देत नाहीत. अक्काला मात्र मानाने बोलवायचे. तिच्याच वाट्याला हे कसं आलं, याचा मी कधी विचार केला नाही.

लग्न होऊन मी दीपनगरला आले. तिथल्या बायकांच्या बोलण्यात आलं की आता मोतीबिंदू काढून डोळ्याच्या आतच भिंग बसवतात, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागत नाही. मला वाटलं, हे अक्कासाठी करायचंच. आमच्या ओळखीच्या एकाने जळगावचा डॉक्टर सुचवला, इतक्या आग्रहाने सुचवला की मला संशयाचा वास आला. म्हणून मी तिला धुळ्याला न्यायचं ठरवलं. तिथे आमचं ओळखीचं कुणीच नव्हतं, आणि ओळखीचं कुणी नसलं की आपल्याला फसवण्यात कुणाची भागीदारी नसते, असा माझा हिशोब होता.

एरंडोल, पारोळा करत आबा, अक्का आणि मी एसटीने धुळ्याला गेलो. डॉक्टर तरुण होता, बोलका होता, म्हणजे माझ्या दृष्टीने दोन्ही बाजूंनी वाईट. त्याने अक्काचे डोळे तपासले आणि म्हणाला, हा धूर वगैरे काही नाही, जुना मोतीबिंदू आहे, इतकी वर्षं काय करत होतात? आधी उजवा डोळा करू, तो बरा झाला की डावा. मी म्हटलं, ते भिंग दाखवा. त्याने एक छोटी डबी उघडली. आत मसुराच्या डाळीपेक्षा थोडं मोठं, पाण्याच्या थेंबासारखं काहीतरी होतं, आणि त्याला केसाएवढे बारीक दोन वाकडे पाय.

मी विचारलं, हे कशाचं? तो म्हणाला, विमानाच्या खिडकीला जसलं प्लास्टिक असतं तसलं. मोठ्या लढाईत वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या खिडकीचे तुकडे घुसले होते आणि डोळ्यांनी ते मुकाट्याने सहन केले. ते बघून एका डॉक्टरला सुचलं की याचंच भिंग का करू नये. मला ही गोष्ट साफ बनवाबनवीची वाटली. लढाईत डोळा फुटतो की सुधारतो? मी नवऱ्याला नंतर तीनदा विचारलं, तेव्हा त्याने प्लांटमधल्या कुणा इंजिनियरला विचारून ते खरं असल्याचं सांगितलं. त्या इंजिनियरला कोणी सांगितलं, ते मला कळलं नाही.

डबी अक्काच्या हातात दिली तर तिने बोटाने चाचपली आणि विचारलं, "हाई कोना डोयामाईन काढेल शे?"

डॉक्टर हसला. त्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर नेत्रदानाचा मोठा कागद लावलेला होता, एक डोळा आणि खाली मरणानंतर वगैरे. अक्काला तो दिसत नव्हता, पण बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी तो तिला वाचून दाखवला होता. डॉक्टर म्हणाला, आजी, हे कुणाच्याच डोळ्यातलं नाही, कारखान्यातलं आहे. नेत्रदान वेगळं, हे वेगळं. अक्काने मान हलवली. तिला पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती निमूटपणे टेबलावर झोपली. मला काही पटलं नव्हतं. भिंग खरंच आत बसवलं, की डबीतच पुढच्या पेशंटसाठी ठेवून दिलं, हे बाहेर बसलेल्या माणसाला कसं कळणार, हाच विचार मी ऑपरेशन संपेपर्यंत करत होते.

पट्टी काढली तेव्हा सगळ्यात आधी तिला आबा दिसले. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, दात चांगले बसवलेत की. आबा चक्क लाजले. मग तिने माझ्याकडे तोंड वळवलं. ज्या मुलीला तिने वाढवलं तिचा चेहरा ती नीट पहिल्यांदा बघत होती. माझ्या हनुवटीला हात लावून बसली. मी रडले, आणि रडतारडताच डॉक्टरबद्दलचा संशय मागे घेतला. सबंध नाही, बराचसा.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे अक्काकडे, हे ठरलेलंच होतं. पण अक्काने आबांकडून निरोप पाठवला की कॉलनीतला दवाखाना चांगला आहे, तिथेच राहा. मला ते खटकलं. मुलगा झाला, तरी ती बघायला आली नाही. बारशाला आबा एकटेच आले. त्यांनी अक्काने स्वतः शिवलेली कुंची आणली होती. टाके इतके बारीक आणि सरळ होते की सासूबाईंनी उलटसुलट करून बघितले. म्हणजे डोळा तर ठीक होता. मग ही बाई येत का नव्हती? मी आबांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, तिचं तिला माहीत, आणि जेवून लगेच निघून गेले. इतकं कमी बोलणारा माणूस काहीतरी लपवतो आहे, हे मी लगेच ओळखलं.

बाळ मान धरू लागलं तेव्हा मी त्याला घेऊन गावी निघाले. कारण दाखवायला होतं, अक्काचा डावा डोळा करायचा राहिला होता. धरणगावच्या स्टँडवर गावाकडची एक बाई शेजारी येऊन बसली. बाळाकडे बघून तिने विचारलं, कोणाकडे चाललीस? मी अक्काचं नाव घेतलं, तशी तिने बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं, माझ्या बाळाच्या, मला न विचारता. मग हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. अक्काच्या डोळ्यात म्हणे मेलेल्या माणसाचा डोळा बसवलाय. दिव्याजवळ गेली की तो चमकतो. त्यांच्या घरात आधीच एक मेलेला जबडा ठेवलेला आहे, आता डोळाही आणलाय. मी म्हटलं, बाई, तो विमानाच्या खिडकीचा तुकडा आहे. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. गावाला मेलेल्याचा डोळा पटत होता, विमान पटत नव्हतं.

माझं डोकं फिरलं. जिने गावातल्या अर्ध्या पोरांची नजर काढली, तिच्यापासून पोरं झाकायची? घरी पोचले ते तिन्हीसांजेला. ओटा रिकामा होता, सारवलेला, स्वच्छ, आणि त्यावर कुणीच नव्हतं. अक्का दारात आली. मला जवळ घेतलं, पण बाळाकडे बघितलं नाही. मी त्याला पुढे केलं तर म्हणाली, हात ओले आहेत. हात कोरडे होते. जेवायला वाढताना, भांडी लावताना, सगळा वेळ तिने बाळाकडे पाठ ठेवली. एकदा बाळ रडलं, तशी ती वळली आणि लगेच पदर उजव्या बाजूने पुढे ओढून घेतला. मला वाटलं, लोकांचं ऐकून बिचारी स्वतःला लपवते आहे. हे कुणी पसरवलं ते शोधून काढल्याशिवाय मी परत जाणार नव्हते.

माझा संशय शेजारणीवर होता. तिची सून दर वर्षाला बाळंत व्हायची, अक्काकडे सगळ्यात जास्त येणं तिचंच. सकाळी मी तिच्या दारात गेले आणि सरळ विचारलं, इतकी वर्षं जिच्या मांडीवर नातवंडं दिलीत, तिच्याबद्दल असं बोलवतं कसं? ती भांडली नाही. हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, बोलणारे बोलतात गं, पण आम्ही काय दुधखुळे आहोत? माझी सून ऑपरेशननंतरही गेली होती बाळाला घेऊन. अक्काने दारातूनच परत पाठवली. पुन्हा गेली, पुन्हा पाठवली. आणखी दोघी-तिघींनाही तसंच. कारण विचारलं तर आत जाऊन कडी लावून घेतली. मग लोक कारण स्वतःच शोधणार, त्यांना मेलेला डोळा सापडला.

मी घरी आले. आबा शेतावर गेले होते, जाताना सवयीने बाहेरून कुलूप लावून, त्यामुळे मला मागच्या दाराने आत जावं लागलं. बाळ पाळण्यात झोपलं होतं. अक्का पाळण्यापासून लांब, भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसली होती. तिच्या ताटातला बारीकसा खडा माझ्या आधी तिला दिसत होता. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, शेजारीण जे सांगते ते खरं का? डोळ्याला काही झालंय का? तुला कुणी काही बोललं का? ती नाही म्हणाली. मी म्हटलं, मग उद्या धुळ्याला चल, डावा डोळा करून येऊ.

"नही," ती म्हणाली. "एक दिखस तोच भलता शे." एका डोळ्याने दिसतं तेच तिला फार झालं होतं.

मी विचारत राहिले. एकदा धरलेलं मला सोडता येत नाही, हे तिला माहीत होतं. शेवटी तिने ताट बाजूला सारलं.

"माले लेकरू नही. असली बाई दिखनी का लोके पोऱ्यासले झाकतस. मनापाईन कोनी झाके नही, कसाले? माले दिखेच नही. जिले दिखस नही, तिनी नजर कसी लागी? म्हणून पोऱ्या मना मांडीवर येत." ती थांबली. पाळण्याकडे बघायचं टाळत तिने पदराने ताटाची कड पुसली. "आते दिखस. शेजारनी सून पोऱ्या लई उनी, त्यानं तोंड मी पह्यलांदाव देखं. इतलं गोजिरं. मना जीव असा तुटना, का वाटनं, हाऊ मना कसाले नही? तवयच समजनं माले. आते मनीच नजर लागी. लोकेसनी नजर मी उतारू, मनी कोन उतारी?"

शेजारणीचं नातवंड बघून, हे माझं का नाही, असं तिच्या मनात आलं होतं, आणि तेवढ्यावरच तिने दाराला कडी लावली होती. इतकी वर्षं मी माणसं तपासत आले होते, कुलपं ओढून बघत आले होते, आणि माझ्या घरात एक बाई स्वतःचाच पहारा करत बसली होती. गावाने तिला मान दिला होता तो तिच्या आंधळेपणाला, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मला वाटत होतं, मी तिला डोळा दिला. तिच्या मांडीवरची पोरं त्याच डोळ्याने नेली. मला डॉक्टरचा राग आला, गावाचा आला, आणि अक्काचा तर सगळ्यात जास्त आला. माझं बाळ दूध पिणारं, ताप येणारं, साधं कॉलनीतल्या दवाखान्यात जन्मलेलं पोर, आणि ही म्हातारी त्याच्यापासून विस्तवासारखी स्वतःला लांब ठेवते आहे.

मी उठले. झोपलेल्या बाळाला पाळण्यातून उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. ती मागे सरकायला लागली, पण मागे भिंत होती. तिने डोळे घट्ट मिटले आणि हात वर धरले, त्याला लागू नयेत असे. मी तिचे दोन्ही हात धरून बाळाच्या पोटावर ठेवले.

"अक्का, डोळे उघड," मी म्हटलं. "लागली तर लागू दे."

बाळ जागं झालं, त्याने पाय झाडले आणि तिच्या बांगडीत बोट अडकवलं. तेव्हा तिने डोळे उघडले. आधी हातांनी बघितलं, जुन्या सवयीने, कपाळ, गाल, कान. मग हात थांबले आणि नुसती बघत राहिली. मी ते तोंड कधी विसरणार नाही. भुकेलं होतं, तिने सांगितलं तसंच. तिला ते मूल हवं होतं, अगदी हवं होतं, आणि ती ते लपवत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, हेही खरं आहे. आई होते मी. पण मी त्याला उचललं नाही.

तिला जितका वेळ बघायचं होतं तितका वेळ तिने बघितलं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मी उठले नाही. मग तिने बाळाला माझ्याकडे दिलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "घर गयी का उतारी टाकजो. भुली जाऊ नको. मनी नजर शे, साधी नही."

मी हो म्हटलं. डाव्या डोळ्याला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही, आणि ओट्यावर बायकाही पुन्हा कधी आल्या नाहीत. माझं पोर मात्र दर सुट्टीत तिच्या मांडीवर असायचं आणि दर खेपेला निघताना ती मला तेच बजावायची.

त्या पहिल्या खेपेहून घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, गावाहून आलीस, त्याची दृष्ट काढायची ना? मीठ-मोहरी त्यांनी वाटीत काढून ठेवली होती. मी वाटी उचलली आणि मीठ मिठात, मोहरी मोहरीत परत टाकली. आज माझा मुलगा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. तिची नजर मी त्याच्यावरून कधीच उतरवली नाही.